तिरक्या चिठ्ठीची डबी

४ जानेवारी

आत्या,

नमस्कार. वाकून करायला हवा, पण कागदावर वाकता येत नाही, तेव्हा समजून घे.

फोनच करणार होतो. पण मागच्या वेळी मी "प्रकृती कशी आहे?" विचारलं तर तू "नको, माझ्याकडे आहे" म्हणालीस आणि फोन ठेवलास. म्हणून पत्र.

माझं चष्म्याचं दुकान बरं चाललंय. डोळे तपासायचं नवं मशीन मागवलंय, ते येईलच. हल्ली मला एक छंद लागलाय आणि त्यात तुझा संबंध आहे. तू अकरा वर्षं ज्या कंपनीत होतीस, तिथे लोकांची जुनी नाणी तपासायचे ना? नाणं खरं की खोटं, किती झिजलंय, सत्तरपैकी किती मार्क, हे सगळं चिठ्ठीवर छापायचं आणि नाणं नि चिठ्ठी दोन्ही प्लॅस्टिकच्या डबीत कायमची बंद करून द्यायची. आम्ही त्या डबीला होल्डर म्हणतो. तर आता जाणकार लोक नाण्यासाठी नाही, होल्डरसाठी पैसे मोजतात! तेच नाणं, तेच मार्क, पण नव्या होल्डरमध्ये असेल तर कुणी ढुंकून बघत नाही. तुमच्या सुरुवातीच्या काळातल्या हिरव्या चिठ्ठीच्या होल्डरमध्ये असेल तर सहापट भाव. आणि चिठ्ठी तिरकी असेल तर विचारूच नको.

आमचं संग्राहक मंडळ दर रविवारी वाचनालयाच्या तळघरात भरतं. अध्यक्ष दातांचे डॉक्टर आहेत. त्यांच्या मते तिरकी चिठ्ठी ही कंपनीची गुप्त खूण होती. एका सभासदाने तर तीस पानी निबंध लिहिलाय की चिठ्ठीचा कोन नाण्याच्या धातूवर ठरायचा. मी हळूच म्हणालो, "माझी सख्खी आत्या त्या खोलीत चिठ्ठ्या लावायची." आत्या, सगळ्या खुर्च्या एकदम माझ्याकडे वळल्या.

तेव्हा आठवेल तेवढं लिही. हिरवाच रंग का? तिरकी का? आणि घरात रिकामे होल्डर पडले असतील तर फेकू नकोस. सहज म्हणून सांगतोय.

तुझा,
ढापण्या


१५ जानेवारी

चिरंजीव ढापण्या,

आशीर्वाद. सात वर्षांनी आत्या आठवली, तीही प्लॅस्टिकमुळे. असो. मामा नसल्यापेक्षा काणा मामा बरा, तसं पत्र नसल्यापेक्षा हे पत्र बरं.

हिरवा रंग का, तर पांढरा कागद संपला होता. खरेदीवाल्याला कुठेतरी स्वस्तात हिरवा गठ्ठा मिळाला, तो तीन वर्षं पुरला. गठ्ठा संपला, रंग संपला.

चिठ्ठी तिरकी का, तर माझा अंगठा. लोखंडी कपाटाचा खण उजव्या अंगठ्यावर आपटला. नख काळंनिळं झालं, पट्टी बांधली. पाच आठवडे मी डाव्या हाताने चिठ्ठ्या बसवल्या. डाव्या हाताने तुला तरी सरळ रेघ मारता येते का? मालक ओरडायचे, "बाई, चिठ्ठी नीट बसवा, गिऱ्हाईक काय म्हणेल!" आता गिऱ्हाईक काय म्हणतंय ते ऐकायला ते हवे होते.

खोली लांबट होती, खिडकी एकच, तीही कायम बंद, कारण वाऱ्याने चिठ्ठ्या उडायच्या. एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला प्रेस चालवणारे एक गृहस्थ, त्यांना सगळे प्रेसवाले म्हणायचे. मी वीस-वीस डब्यांचा ट्रे भरून सरकवायचे, ते झाकणं बसवून प्रेसखाली दाबायचे. दिवसभर खट् आणि फुस्, खट् आणि फुस्. आज मला ऐकू येत नाही त्याचं निम्मं श्रेय त्या प्रेसला.

रिकाम्या डब्या आहेत. सातआठ असतील. एक कपाटाच्या पायाखाली आहे, फरशी खचलीय ना. एकीत सुया. बाकीच्यांत बटणं, आणि एक शेजारच्या छोकरीला भातुकलीत ताटली म्हणून दिली.

सूनबाई कशी आहे? मशीन कधी येणार?

आत्या


२३ जानेवारी

आत्या!

तुझं पत्र मी मंडळात उभं राहून वाचून दाखवलं. "अंगठा" हा शब्द आला तेव्हा डॉक्टरांनी चष्मा काढला आणि डोळे पुसले. तीस पानी निबंधवाले सभासद तडक घरी निघून गेले, पण तासाभरात परत आले. आता ते "अंगठा-पर्व" नावाचा नवा निबंध लिहिताहेत. पाच आठवड्यांचे पाच पोटप्रकार ठरलेत: दुखरा, सुजलेला, ठणकता, उतरता आणि बरा. माझ्या मते चौथ्या नि पाचव्यात फारसा फरक नाही, पण त्यावरून दोन सभासदांचं बोलणं बंद झालंय.

तेव्हा खण नेमका कुठल्या तारखेला आपटला, हे आठवून लिही. सकाळी की दुपारी तेही.

कपाटाखालच्या होल्डरला हात लावू नकोस! पुसू तर मुळीच नकोस. हल्ली होल्डरवरच्या ओरखड्यांनाही मार्क असतात. ते देणारी वेगळी संस्था निघालीय, ती अख्खा होल्डर तपासते आणि मोठ्या होल्डरमध्ये बंद करून देते. भातुकलीची ताटली त्या छोकरीकडून गोडीगुलाबीने परत घे. बदल्यात खरी ताटली दे.

आता तुला म्हणून सांगतो, माझ्याकडेही एक तिरकी आहे. डॉक्टरांकडूनच घेतली. नंबर ४१७३३. तिच्यातलं नाणं अगदी मामुली आहे, पण चिठ्ठी बघ, जणू उतारावर उभी! रोज दुकान उघडायच्या आधी एकदा बघतो. हिलाही या छंदाचं फार कौतुक आहे. मशीन वाटेत आहे.

तुझा,
ढापण्या


१९ फेब्रुवारी

ढापण्या,

तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले. रोज कागद घेऊन बसत होते आणि रोज उठत होते.

४१७३३. हा नंबर तू लिहायला नको होतास. किंवा बरं झालं लिहिलास.

ट्रेमध्ये वीस डब्या असायच्या. ४१७२१ ते ४१७४० हा ट्रे माझ्या हातून चुकला. पट्टी बांधलेला अंगठा, रात्रभर जागरण. तुझे आतोबा तेव्हा अंथरुणाला खिळलेले होते, तुला आठवत नसेल, तू लहान होतास. पहिली चिठ्ठी मी दुसऱ्या नाण्याला लावली आणि तशीच पुढे लावत गेले. शेवटी एक चिठ्ठी उरली, ती पहिल्या नाण्याला लावून मोकळी झाले. वीसच्या वीस नाण्यांवर शेजाऱ्याची चिठ्ठी! प्रेसवाल्यांनी नेहमीच्या विश्वासाने दाबून टाकल्या. गेल्या पोस्टात.

महिन्याने एक गिऱ्हाईक डबी घेऊन दारात. मालक खोलीत आले आणि मला नाही, प्रेसवाल्यांना म्हणाले, "ट्रे सांडून चिठ्ठ्या कशाही भरल्यास ना?" प्रेसवाल्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी चिठ्ठ्या मोजायला घेतल्या. मोजायच्या नव्हत्याच, नुसती बोटं हलवत होते. त्याच दुपारी त्यांना कामावरून काढलं.

माझी नोकरी गेली असती तर आतोबांच्या औषधाचं काय, हे मी तेव्हा स्वतःला सांगितलं. तीस वर्षं तेच सांगतेय. आतोबा जाऊनही अठरा वर्षं झाली.

तुझ्या डबीत खोटं लिहिलंय. ती फोड, नाणं तपास, आणि ज्याच्याकडून घेतलीस त्याला सांग. आणि प्रेसवाल्यांचा शोध घे. डावा पाय जरा ओढत चालायचे, शीळ छान घालायचे. त्यांच्या भावाचं मोठ्या पुलाच्या उतारावर सायकलचं दुकान होतं.

आत्या


२४ फेब्रुवारी

आत्या!!

फोड? होल्डर फोड? असं अभद्र बोलू नये!

तुला कळतंय का तू काय लिहिलंयस? आत्तापर्यंत माझ्याकडे नुसती तिरकी चिठ्ठी होती. आता चुकीच्या नाण्यावरची तिरकी चिठ्ठी आहे, आणि चूक करणारी व्यक्ती हयात आहे आणि लिहून देतेय! मी डॉक्टरांना फक्त नंबर आणि तुझ्या पत्राच्या चार ओळी दाखवल्या. ते खुर्चीतच मागे रेलले, त्यांच्या पेशंटसारखे. मग म्हणाले, "मी चौपट देऊन परत घेतो." मी नाही म्हणालो. मंडळाने ठराव केलाय: "त्या वीस" असं नाव राहील. उरलेल्या एकोणीस शोधायला समिती नेमली.

तर आता तीन गोष्टी कर. एक, हेच सगळं स्टॅम्पपेपरवर लिहून पाठव. दोन, जागरण किती वाजेपर्यंत झालं ते लिही. तीन, मे महिन्यात आमचं वार्षिक संमेलन आहे, तुला प्रमुख पाहुणी म्हणून यायचंय. येण्याजाण्याचा खर्च मंडळाचा. शाल नको असेल तर दुसरं काही देतील.

तुझा,
ढापण्या


१ मार्च

ढापण्या,

मी पाप सांगितलं, तू भाव सांगितलास.

माझ्या पत्रात एक माणूस होता. तुझ्या उत्तरात तो नाही. पाय ओढणारा, शीळ घालणारा, माझ्यामुळे घरी बसलेला. तुझ्या एवढ्या मोठ्या चष्म्याच्या दुकानात तो दिसेल असा एकही चष्मा नाही का रे?

आधी त्यांना शोध. ते सापडले तर मी स्टॅम्पपेपरवर लिहीन, संमेलनाला येईन, तुझ्या डॉक्टरांसमोर हवं तर डाव्या हाताने चिठ्ठी लावून दाखवीन. नाही सापडले, तर कपाटाखालची डबी मी हातोडीने फोडणार आहे. कपाटाखाली पुठ्ठा घालीन.

आणि ते मशीन घेणार होतास त्याच पैशांतून ही डबी घेतलीस, हे मला कुणी सांगायला नको. "वाटेत आहे" हे तुझ्या वडिलांचंही लाडकं वाक्य होतं.

आत्या


८ मार्च

आत्याबाईंना नमस्कार.

तुमचं एक तारखेचं पत्र दुकानात आलं. हे बाहेर गेले होते, वीजबिल असेल म्हणून मी उघडलं. मग खण उघडून आधीचीही सगळी वाचली.

मशीन आठ महिने जहाजात आहे असं मला सांगितलं होतं. मी गिऱ्हाइकांनाही तेच सांगत होते. एका आजोबांनी तर परवा विचारलं, "बाई, जहाज बुडालं तर नाही ना?"

मी यांना काही बोलले नाही. फक्त पुलाच्या उतारावरच्या सायकलच्या दुकानाचा पत्ता काढून चिठ्ठी जेवणाच्या ताटाशेजारी ठेवली. सरळ ठेवली, तिरकी नाही. आज रविवार, पण मंडळात न जाता तिकडे गेले आहेत.

तुमची सून


३० एप्रिल

आत्या,

इतके दिवस लिहिलं नाही, कारण सगळं निस्तरल्यावरच लिहायचं ठरवलं होतं.

प्रेसवाले सापडले. सायकलचं दुकान कधीच बंद झालंय, पण शेजारच्या न्हाव्याला माहीत होतं. शहराच्या दुसऱ्या टोकाला, बसस्थानकाच्या भिंतीला टेकून त्यांचं किल्ल्या बनवायचं दुकान आहे. दुकान कसलं, उभं कपाटच. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. मुलगी मशीन चालवते, ते कानस मारतात. शीळ अजून घालतात.

तुझं नाव सांगितलं तर कानस थांबली. म्हणाले, "चिठ्ठीवाल्या बाई? बऱ्या आहेत ना?"

मी सगळं सांगितलं. ते ऐकत राहिले, मग म्हणाले, "मला काय नवीन सांगता? चिठ्ठ्या त्या लावायच्या, मी दाबायचो. चूक चिठ्ठीची होती, म्हणजे कुणाची हे कळायला मार्क लागतात का?"

"मग मालकांना बोलला का नाहीत?"

"त्यांच्या घरी आजारी माणूस होतं. माझ्या घरी मीच होतो, आणि मी धडधाकट होतो."

आत्या, मी आपली डबी काढली. कापडी पिशवीत, आत मऊ कागदात, आठ-नऊ महिने जपलेली. म्हणालो, "ही बघा, त्याच ट्रेमधली." त्यांनी विचारलं, "उघडू?" मला वाटलं पिशवीबद्दल विचारताहेत. म्हणालो, "उघडा की." त्यांनी पिशवी उघडली, कागद उघडला, आणि माझा श्वास परत आत यायच्या आधी डबीच्या कोपऱ्यावर अंगठा ठेवून कट्कन् डबीच उघडली!

मी ओरडलो म्हणे. मुलीने पाणी दिलं.

प्रेसवाल्यांनी दोन्ही तुकडे उजेडात धरले, कडेला नख लावलं, वास घेतला. मग शांतपणे म्हणाले, "ही माझी नाही. आम्ही तापवून दाबायचो, ही गोंदाने चिकटवलीय. माझी असती तर अशी अंगठ्याने उघडली असती का? छिन्नी लागली असती. नंबर खरा असेल, कुठून तरी उतरवलाय. चिठ्ठीही कुणीतरी मुद्दाम तिरकी केलीय. बघा ना, किती मापात तिरकी आहे. बाईंची कधी मापात नसायची."

म्हणजे आत्या, जुनी नाणी खोटी करतात हे ऐकलं होतं. इथे नाणं खरं आणि डबी खोटी!

घरी आलो. हिला सांगायला तोंड उघडलं तर हीच म्हणाली, "मशीनचं जहाज बुडालं ना? कळलं होतं मला." तुझी पत्रं वाचली होती. दोन दिवस तिने मला जेवायला वाढलं, तेवढंच. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "खोटी आहे हे सांगून विकता येते का बघा. वेड्यांचा बाजार भरलाय तोवरच." मी डॉक्टरांकडे गेलो, दोन तुकडे टेबलावर ठेवले आणि खरं ते सगळं सांगितलं. ते आधी पांढरे पडले. त्यांनाही ती कुणीतरी खरी म्हणूनच विकली होती. मग हळूहळू त्यांच्या गालांवर रंग आला. म्हणाले, "म्हणजे ही पहिली सिद्ध झालेली नकली! आणि मूळ प्रेसवाल्याच्या हातून फुटलेली! दुसरी होणे नाही!" आणि मी दिलेले सगळे पैसे परत देऊन त्यांनी तुकडे ठेवून घेतले. मंडळात आता नकली होल्डरांचा वेगळा विभाग निघालाय.

मशीन खरोखर मागवलं. पावती हिच्याकडे आहे.

मी मंडळ सोडलं. संमेलनाला येणार नाही, लाज वाटते. पण तू शब्द दिला होतास, आणि प्रेसवालेही येतो म्हणालेत. सोबत त्यांचा पत्ता.

तुझा,
ढापण्या


२१ मे

चिरंजीव ढापण्या,

आशीर्वाद, आणि या खेपेला मनापासून.

संमेलन झालं. मी बसने गेले, प्रेसवाले दारात उभे होते. केस गेले, दात गेले, पण शर्टाच्या खिशात तसाच दुमडलेला रुमाल. मी तीस वर्षं घोकलेलं वाक्य म्हणणार, एवढ्यात तुझ्या डॉक्टरांनी आम्हा दोघांचे दंड धरून व्यासपीठावर नेलं.

तीनेकशे माणसं असतील. प्रत्येकाच्या गळ्यात भिंग. आधी त्या निबंधवाल्याने पाऊण तास माझ्या अंगठ्यावर भाषण केलं. पडद्यावर अंगठ्याचं चित्र होतं, माझा नव्हताच तो. मग मला बोलायला लावलं. मी म्हणाले, "मंडळी, त्यात कला नव्हती, खूण नव्हती. माझा हात दुखत होता. चूक झाली. चूक माझी, आणि नोकरी यांची गेली. मी समोर असून तोंड उघडलं नाही. ते आज तुमच्यासमोर उघडतेय."

आणि रे, टाळ्या! उभं राहून टाळ्या! मला वाटलं मला नीट ऐकू येत नाहीये. एकजण रडत होता. नंतर रांग लागली, सगळ्यांना डबीवर माझी सही हवी. एका गृहस्थाने शाईचा पॅड आणला होता, म्हणाला, "आत्याबाई, अंगठा." मी म्हणाले, "मला लिहिता येतं." तर म्हणतो, "सहीपेक्षा त्याला भाव आहे." माझं बोलणं संपल्यावर प्रेसवाल्यांना कुणी एक शब्द विचारला नाही. एकाने फक्त विचारलं, तापमान किती ठेवायचात? तेही वहीत लिहून घेतलं.

दिलेला शब्द मोडायचा नाही म्हणून स्टॅम्पपेपरवर लिहून दिलं. पण त्यात शेवटी प्रेसवाल्यांचा काही दोष नव्हता हेही लिहिलं. डॉक्टर म्हणाले, या ओळीची गरज नाही. मी म्हणाले, मग कागदाचीच नाही. ठेवली त्यांनी ओळ.

संध्याकाळी आम्ही दोघं बसथांब्यावरच्या बाकावर बसलो. आजूबाजूला गर्दी, गाड्यांचे हॉर्न. मी त्यांच्याकडे वळून म्हणाले, "प्रेसवाले, माझं चुकलं."

ते काहीतरी म्हणाले. मला ऐकू आलं नाही. मी कान पुढे केला. ते जरा मोठ्याने म्हणाले, "नोकरीचं काही वाटलं नाही, बाई. किल्ल्यांमध्ये बरं कमावलं. पण त्या दिवशी मी डबा उचलून निघालो, तुम्ही जिन्यात भेटलात आणि मान खाली घालून भिंतीला लागून निघून गेलात. रोज डबा एकत्र खाल्लेला आपण. त्याचं वाटलं."

एवढीच गोष्ट, ढापण्या. त्या ट्रेची शिक्षा मी तीस वर्षं भोगत होते आणि त्यांना ट्रेचं काहीच नव्हतं. मला तो जिना आठवतसुद्धा नव्हता.

त्यांची बस आधी आली. पाय ओढत चढले. मी उठून उभी राहिले, मान वर केली, आणि बस वळणावर दिसेनाशी होईपर्यंत त्यांच्याकडे बघत राहिले. त्यांनीही खिडकीतून हात बाहेर काढला होता.

आत्या